पाणी आल्याची तक्रार

प्रचाराची रिक्षा सुमंगल अपार्टमेंटच्या फाटकाशी आली तेव्हा श्रीतेज मुळूक दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होता. उजव्या हातात कळशी, डाव्या हातात बादली आणि दातांत घराची किल्ली. त्यामुळे भोंग्यातून जे ऐकू आलं त्यावर त्याला लगेच काही बोलता आलं नाही.

"कासारवेलच्या सुज्ञ नागरिकांनो! आपल्याकडे सध्या पाणी आठ दिवसांआड येतं. विश्वंभर आगलावे यांना महापौर करा आणि पाणी बारा दिवसांआड मिळवा! आगलावेंचा शब्द, बारा म्हणजे बारा!"

श्रीतेजने बादली टेकवली, किल्ली खिशात टाकली आणि जिन्याच्या जाळीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ भाऊ! दोन म्हणायचंय का तुम्हाला?"

रिक्षावाल्याने मांडीवरचा कागद पुन्हा वाचला. "नाही हो, बारा. अक्षरी पण लिहिलंय."

"तुम्हाला तरी पटतंय का हे?"

"मला कुठं राहायचंय इथं? मी शेजारच्या तालुक्यातला."

रिक्षा पुढे गेली. श्रीतेज वर पोचला तर दार उघडं होतं आणि आई, म्हणजे छायाबाई, कमरेवर रिकामी घागर घेऊन चपला शोधत होती. फेब्रुवारीत ती याच जिन्यावर घसरली होती. खुब्याच्या हाडाला तडा गेला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा पडलात तर चालणं विसरा. छायाबाईंनी त्यातला 'चालणं' एवढाच शब्द ऐकला असावा.

"आई, घागर ठेव."

"अरे, एकच खेप. तू दमला असशील."

"ठेव म्हटलं ना!"

घागर खाली ठेवली गेली, पण ती उद्या तो कामावर गेला की उचलली जाणार हे दोघांनाही माहीत होतं. श्रीतेज इलेक्ट्रिक रिक्षांच्या बॅटऱ्या बदलण्याच्या केंद्रावर सुपरवायझर होता. सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला यायचा. मधल्या दहा तासांत आई आणि अठ्ठावन्न पायऱ्या एकमेकींच्या ताब्यात असायच्या.

पहिल्यांदा मतदान केलं तेव्हा श्रीतेजला महापौराकडून वाचनालय, बाग, सायकलींचा वेगळा रस्ता आणि शक्य झाल्यास तारांगण हवं होतं. दुसऱ्या वेळी त्याने तारांगण सोडलं, तिसऱ्या वेळी बाग. आता तेहतिसाव्या वर्षी त्याची मागणी एका वाक्यात बसत होती: पाण्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतःच्या पायाने यावं. त्यासाठी काही चमत्कार लागणार नव्हता. आठ दिवसांनी पंचवीस मिनिटं पाणी आलं तर सोसायटीच्या टाकीचा तळच ओला व्हायचा, पंप नुसता हवा ओढायचा आणि लोक हंडे घेऊन टाकीत वाकायचे. तेच पाणी दोन दिवसांआड आलं असतं तर टाकी भरली असती, पंप चालला असता आणि आईचा खुबा वाचला असता.

आणि इथे माणूस बारा म्हणून ओरडत फिरत होता.

हे असं का झालं ते कळायला आधी प्रतिनगर कळावं लागतं. ते नीट कळलेला महापालिकेत एकच इंजिनिअर होता आणि त्याची बदली झाली होती.

प्रतिनगर म्हणजे संगणकात वसवलेलं दुसरं कासारवेल. तिथे तेच रस्ते, तेच नळ, तेच खड्डे. मुख्य म्हणजे खऱ्या शहरातल्या प्रत्येक माणसाचा तिथे एक जुळा. तुमची बिलं, तुमच्या तक्रारी, तुम्ही कुठल्या दुकानासमोर किती वेळ थांबता, कुणाला किती स्टार देता, या सगळ्यातून तो जुळा घडवलेला असे आणि तुम्ही जसे वागता तसा तो वागे. असे सहा लाख जुळे त्या शहरात नांदत होते. एखादा निर्णय आधी त्यांच्यावर लादायचा, त्यांचं एक वर्ष आपल्या चाळीस मिनिटांत संपायचं, आणि ते सुखी झाले की दुःखी हे 'समाधान निर्देशांक' नावाच्या आकड्यात दिसायचं. कल्पना वाईट नव्हती. पूल कुठे बांधावा, बस कुठून न्यावी, हे प्रतिनगराने खरोखरच अचूक सांगितलं होतं.

यामागचं तत्त्व साधं होतं. माणूस काय बोलतो ते सोडा, काय करतो ते बघा. लोक सर्वेक्षणात वाचनालय मागतात आणि संध्याकाळी भेळेच्या गाडीवर दिसतात. मग गाडीला जागा द्यावी. हे तत्त्व सरकारला इतकं आवडलं की खोटे जाहीरनामे बंद करण्यासाठी कायदाच झाला. महापौर थेट लोकांनी निवडायचा, आणि उमेदवाराचं प्रत्येक आश्वासन आधी प्रतिनगरात चालवून बघायचं. जुळ्यांचं समाधान वाढलं तरच ते जाहीर करायची परवानगी. वाढलं नाही तर त्याचा उच्चारही गुन्हा.

आगलाव्यांच्या तज्ज्ञांनी हजारो आश्वासनं चालवून पाहिली आणि त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. पाणी कमी केलं की जुळे खूश होतात. का होतात ते कुणाला ठाऊक नव्हतं. तज्ज्ञ म्हणाले, माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी मशीनला दिसतात. हे वाक्य एकदा म्हटलं की मीटिंग संपते.

आठवड्याभरात कल्पलता नाईकनवरे यांनी अठरा दिवसांआड जाहीर केलं. अपक्ष गोरख टाकळकरांकडे तज्ज्ञ नव्हते, पण धाडस होतं. ते म्हणाले, आम्ही नळच काढून नेऊ आणि त्या जागी प्रत्येक घराला एक शोभेची कुंडी देऊ.

श्रीतेज तळमजल्यावर सोसायटीचे चेअरमन धायगुडे यांच्याकडे गेला. धायगुडे गॅलरीत नखं कापत बसले होते.

"काका, हे अठरा दिवस तुम्हाला हवेत का?"

"मला? वेडा झालास का? मला वाटलं, तुम्हा वरच्यांनी मागितलंय."

"आम्ही कशाला मागू? आम्हाला तर जिना चढावा लागतो!"

"तेच म्हणतोय. व्यायामाचं फॅड असतं हल्ली." धायगुड्यांनी दुसरा अंगठा पुढे घेतला. "आता लोकांचीच इच्छा असेल तर आपण एकट्याने आडवं कशाला यायचं?"

श्रीतेजने इमारतीतल्या बाराही घरांत विचारलं. प्रत्येक घराला पाणी हवं होतं आणि प्रत्येक घराची खात्री होती की बाकीच्या अकरांना नको आहे.

कायद्यात एक सोय होती. आपल्या जुळ्याबद्दल शंका असेल तर प्रभाग कार्यालयात त्याला भेटता येत होतं. श्रीतेजने शनिवारची वेळ घेतली. आई म्हणाली, मी पण येते, माझीपण जुळी असेल ना. ती बाहेर जायची साडी नेसून आली.

कक्षात निलोफर बागवान नावाची कारकून होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस, चेहरा असा की आग लागली तरी ती आधी अर्ज कुणाच्या नावाने ते विचारेल.

"आधी कोण?"

"आई आधी," श्रीतेज म्हणाला. "आमच्या घरचे सगळे अभिप्राय तिच्याच नावावर जातात."

पडद्यावर छायाबाई उमटल्या. तोच चष्मा, तीच मान थोडी कलती.

"या, बसा. उन्हातून आलात. चहा टाकू का?" पडद्यावरच्या छायाबाई म्हणाल्या.

"अगं बाई! माझ्यासारखीच बोलती की!" आई खुर्ची पुढे ओढून बसली. "खुबा कसा आहे गं तुझा?"

"दुखतो की. पण घरात सांगू नका, तेजू चिडतो."

"नाही सांगत."

"आई, मी इथेच उभा आहे!" श्रीतेज ओरडला आणि मग पडद्याकडे वळला. "तुम्हाला पाणी बारा दिवसांनी हवं की दोन दिवसांनी?"

"कधी का येईना रे. त्या बिचाऱ्यांना पण अडचणी असतात. आपलं काय अडतंय?"

"बघ," आई म्हणाली. "शहाणी आहे."

"आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"आम्ही दोघी एकच तर बोलतोय. बाजू कुठली आली त्यात?"

श्रीतेज बागवानकडे वळला. "मॅडम, ही आमची आई नाही."

बागवानने खऱ्या छायाबाईंकडे पाहिलं, पडद्यावरच्या छायाबाईंकडे पाहिलं, आणि एक आलेख उघडला.

"गेल्या चार वर्षांत एक्केचाळीस वेळा ठरलेल्या दिवशी पाणी आलं नाही. एक्केचाळीस वेळा तुमच्या घरून पाच स्टार आलेत. पाणी आलं त्या दिवशी काहीच नाही. कोरं. मशीन याचा अर्थ असा लावतं की पाणी आलं की तुम्ही उदासीन असता आणि नाही आलं की अत्यानंदी."

"अहो, ते स्टार व्यंकटमामांना दिलेत!"

"मशीनला व्यंकटमामा दिसत नाहीत. तारीख दिसते, पाणी दिसतं, स्टार दिसतात."

व्यंकट पौळ हा प्रभागाचा व्हॉल्व्हमन. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी घेऊन मोटरसायकलवर फिरायचा आणि रस्त्यातली झाकणं उघडून पाणी सोडायचा. ज्या दिवशी वरूनच पाणी येत नसे त्या दिवशी लोक ॲपवर तक्रार करायचे. तक्रार केली की व्यंकट दारात यायचा, माफी मागायचा, छायाबाईंच्या हातचा चहा प्यायचा आणि टॅब पुढे करायचा. "ताई, पाच दाबा बरं. सरासरी घसरली तर कंत्राट जातंय माझं." अभिप्रायाची खिडकी तक्रारीनंतरच उघडत असे. त्यात जो माणूस आपल्या घरी चहा प्यायलाय, त्याच्या तोंडासमोर तीन स्टार कोण दाबणार? छायाबाई तर कुरियरवाल्यालाही पाच द्यायच्या आणि वर, "उशीर झाला, पण आला ना," असं लिहायच्या. सगळा प्रभाग असाच होता. चार वर्षं सगळ्यांनी मिळून मशीनला मनापासून शिकवलं होतं की आम्हाला कोरडा नळ आवडतो.

"मग हे दुरुस्त कसं करायचं? अर्ज देऊ?"

"अर्ज म्हणजे बोलणं. मशीन बोलणं धरत नाही. वागणूक लागते." बागवानने आवाज थोडा खाली आणला. "पाणी न आलेल्या दिवशी एक स्टार द्या. तुमच्या प्रभागातून आजवर पाचाखाली एकही नोंद नाही. ज्याची अजिबात अपेक्षा नाही अशा माहितीला मशीन सगळ्यात जास्त वजन देतं. त्यातून तुमच्या आई इथल्या सगळ्यात पक्क्या. त्यांचा एक स्टार पुरेल."

"आणि व्यंकटमामांचं?"

"एक स्टार आला की मानधन आपोआप थांबतं, चौकशी होईपर्यंत. चौकशी समिती नेमायची आहे."

"कधीपासून?"

"मी लागायच्या आधीपासून."

आई उठली. पडद्याकडे बघून म्हणाली, "येते गं. जप खुब्याला." आणि मग श्रीतेजला, "चल. असला सल्ला ऐकायला मी साडी नाही बदलली."

पुढच्या मंगळवारी पाणी आलं नाही. दुपारी बॅटरी केंद्रावर श्रीतेजला व्यंकटचा फोन आला.

"तेजू, घरी ये. ताई जिन्यात बसल्यात."

"पडली?"

"पडल्या नाहीत म्हणतात. बसल्यात म्हणतात. पण उठायला येईना त्यांना."

श्रीतेज पोचला तेव्हा आई पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये भिंतीला टेकून बसली होती. अंगणातल्या ड्रमात शिल्लक राहिलेलं पाणी ती वर नेत होती. कळशी चार पायऱ्या खाली आडवी पडली होती आणि तिच्यातलं पाणी अजून एकेक पायरी उतरत होतं. आईचा चेहरा पांढराफटक होता.

"पाणी सांडलं रे," ती म्हणाली.

व्यंकटने धायगुड्यांकडून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. दोघांनी तिला खुर्चीसकट वर नेलं. डॉक्टर घरी आले, दाबून पाहिलं, हाड वाचलंय म्हणाले, इंजेक्शन दिलं. दाराबाहेर श्रीतेजला म्हणाले, "या वेळी नशीब. पुढच्या वेळी मला बोलावू नका, अँब्युलन्स बोलवा."

आईला झोप लागली. तोवर व्यंकटने कुणी न सांगता सहा कळशा वर आणल्या. तो घामाघूम होऊन दारात टेकला आणि त्याच्या पिशवीतला टॅब वाजला. सकाळची तक्रार बंद करायची राहिली होती.

त्याने सवयीने टॅब पुढे केला. श्रीतेजने तो घेतला. पडद्यावर पाच चांदण्या होत्या. त्याला आतून आईचा श्वास ऐकू येत होता.

"मामा, एक दाबला तर जाहीरनामे बदलतील म्हणतात."

व्यंकटने बाहीने मान पुसली. "माहितीय मला. बागवान मॅडमनी सांगितलं."

"तुमचं मानधन थांबेल."

"तेही सांगितलं." तो जिन्याकडे बघत राहिला. "तुझी आई जिन्यात आहे, माझी पोरगी कॉलेजात आहे. मी काय सांगू तुला? माझ्याकडं बघून दाबू नको एवढंच."

श्रीतेजने त्याच्याकडे न बघता दाबला.

"झालं?"

"झालं."

"बरं." व्यंकटने टॅब पिशवीत घातला, चावी खांद्यावर घेतली. चहा कुणी टाकलाच नव्हता. दोन पायऱ्या उतरल्यावर तो म्हणाला, "खालच्या ड्रमात अजून दोन कळशा निघतील, साहेब."

साहेब. चार वर्षांत पहिल्यांदा.

दोन दिवसांत व्यंकटला पत्र मिळालं. मानधन स्थगित, काम चालू. काम थांबवल्यास सेवेत खंड पडल्याचे समजण्यात येईल. सलग शंभर पाच-स्टार नोंदी झाल्यास स्थगिती आपोआप उठेल.

आणि मशीनने खरोखरच त्या एका स्टारला प्रचंड वजन दिलं. सगळ्यात पक्क्या घराने एक स्टार दिला म्हणजे त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलं असणार. पाणी आलं नव्हतं, पण ते तर नेहमीचंच सुख होतं. मग वेगळं काय? मशीनने टॅबच्या जागेची नोंद पाहिली. एरवी व्हॉल्व्हमन या इमारतीत दहा मिनिटं असतो, त्या दिवशी तो अडीच तास होता. निष्कर्ष सरळ होता.

रविवारी सकाळी रिक्षा आली.

"कासारवेलच्या सुज्ञ नागरिकांनो! पाणी बारा दिवसांआडच राहील! आणि आता ते न आल्याबद्दल माफी मागायला कोणीही तुमच्या दारात येणार नाही! व्हॉल्व्हमन हटवू, नागरिकांना दिलासा देऊ!"

श्रीतेज भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. त्याने एका माणसाचं पोट मारून मशीनला सत्य सांगितलं होतं आणि मशीनने त्यातून दुसरंच खोटं शोधून काढलं होतं. तो पुन्हा प्रभाग कार्यालयात गेला. बागवानने नोंद पाहिली आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "अर्ज कुणाच्या नावाने करू?"

घरी आईने बोलणं बंद केलं होतं. म्हणजे त्याच्याशी. ती कॉटवरून भिंतीशी बोलायची, मिक्सरशी बोलायची. "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात. ज्यांना जेवायचंय त्यांनी वाढून घ्यावं." श्रीतेज वाढून घ्यायचा. "भाजीत मीठ कमी आहे. ज्यांना स्टार द्यायची हौस आहे त्यांनी एक द्यावा."

पाचव्या दिवशी त्याचाही बांध फुटला.

"आई, तू उठता-बसता पाच दिलेस म्हणून हे सगळं झालं! एकदा तरी खरं दाबायचं होतं!"

ती भिंतीकडून त्याच्याकडे वळली. "खरं? खरं काय ते सांगू? चार वर्षं तो माणूस पाणी सोडतो. पाणी आलं त्या दिवशी कुणी त्याला दारात बोलावलं? पाणी आलं की सगळे हंडे घेऊन पळतात. कुणी मान वर करून बघत नाही, कोण सोडतंय. त्याला हाक मारता ती फक्त नाही आलं की. आणि वर म्हणे मशीन आंधळं!"

"पाणी आलं तर त्यात हाक काय मारायची? ते त्याचं कामच आहे."

"मग जेवलास की ताट उचलून पळतोस, तसंच पळ."

श्रीतेज ताट घेऊन उठला, मोरीशी गेला आणि तिथेच उभा राहिला. कोऱ्या जागा. पाणी आलेल्या दिवसांच्या त्या कोऱ्या जागा. पाणी आल्यावर कुणी काही केलंच नव्हतं, म्हणून मशीनला तिथे सुख दिसत नव्हतं. तिथे पाच स्टार पडले तर? पण खिडकी तक्रारीशिवाय उघडत नाही.

"आई," तो हातात खरकटं ताट घेऊन म्हणाला, "पाणी आल्याची तक्रार करता येईल का?"

आईने मिक्सरकडे बघून विचारलं, "याला ताप आलाय का?"

बुधवारी सकाळी अकराला पाणी आलं. लोक हंडे घेऊन धावले. श्रीतेज रजा घेऊन घरी होता. त्याने ॲप उघडलं. पाणी आले नाही, पाणी गढूळ, पाण्याला वास, दाब कमी, इतर. त्याने 'इतर' निवडलं आणि लिहिलं, "पाणी आले आहे. कृपया तातडीने दखल घ्यावी." ॲपने उत्तर दिलं, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

अर्ध्या तासाने व्यंकट दारात आला.

"काय तक्रार आहे, साहेब?"

"पाणी आलंय."

"माफ करा," व्यंकट सवयीने म्हणाला आणि मग थांबला. "काय आलंय?"

श्रीतेजने सगळं समजावलं. व्यंकटने दोनदा ऐकून घेतलं. मग टॅब काढला, पण श्रीतेजच्या हाताजवळून तो बाजूला नेला.

"ताई दाबतील. तुमच्या बोटाचा भरवसा नाही."

छायाबाईंनी कॉटवर उठून बसून पाच दाबले, चष्मा लावून ते पाचच आहेत याची खात्री केली आणि म्हणाल्या, "तेजू, चहा टाक." भांडण सोडलं तर तो तिने त्याच्याशी आठ दिवसांत बोललेला पहिला सरळ शब्द होता.

मतदानाला अडीच आठवडे होते, म्हणजे पाण्याचे आणखी फक्त दोन दिवस. श्रीतेज दारोदार फिरला. लोकांना पाणी न आल्याची तक्रार करायला सांगणं सोपं होतं, त्यांना तीच येत होती. आल्याची तक्रार करा म्हटल्यावर ते त्याच्या मागे कुणी कॅमेरा घेऊन उभं आहे का ते बघायचे.

"पण पाणी आलं तर तक्रार कसली?" धायगुडे म्हणाले. "ते तर त्यांचं कर्तव्य. आता कर्तव्याचंही कौतुक करायचं?"

"काका, कौतुक करू नका. तक्रारच करा. भांडा वाटल्यास. फक्त आल्यावर भांडा."

हे धायगुड्यांना जमण्यासारखं होतं. त्यांनी लिहिलं, "आज अकरा वाजता पाणी आले. हे काय चालले आहे?" पहिल्या खेपेला एकतीस घरांनी तक्रार केली. मग कुणीतरी धायगुड्यांची तक्रार सगळ्या प्रभागात पाठवली आणि मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी अकराशे घरं तुटून पडली. व्यंकट दिवसभर मोटरसायकलवरून गल्लोगल्ली पाणी आल्याची माफी मागत हिंडला. दीडशेव्या घरी त्याचा आवाज बसला. संध्याकाळी तो छायाबाईंसमोर बसला तेव्हा त्याने फक्त मोबाइल पुढे केला. स्थगिती उठली होती.

"तेजू," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "साखर जरा जास्त टाक."

प्रतिनगरातल्या सहा लाख जुळ्यांपैकी एका प्रभागातले जुळे रातोरात पाण्यासाठी वेडे झाले होते, आणि त्यांना बघून बाकीचेही विचारात पडले. शनिवारी आगलाव्यांची रिक्षा चार दिवसांआड म्हणाली. दुपारी नाईकनवरे दोन दिवसांआड म्हणाल्या, शिवाय प्रत्येक गल्लीत पाणी आल्याची तक्रार घ्यायला एक व्हॉल्व्हमन. टाकळकर कुंडीवर ठाम राहिले आणि त्यांना नऊशे मतं पडली.

नाईकनवरे महापौर झाल्या. मग पाइप बदलायला दोन महिने गेले, रस्ते उकरले, ते तसेच राहिले. आणि एका सोमवारी सकाळी सुमंगल अपार्टमेंटचा पंप खाली घरघरला.

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला नळ आधी खोकला. मग त्याने हवा सोडली, मग तांबडं पाणी, मग पांढरं. आई हातात घागर घेऊन त्याच्यासमोर उभी होती. घागर भरली, वाहायला लागली, तरी ती बाजूला होईना. श्रीतेज दारात उभा राहून बघत होता. एवढीच एक गोष्ट मागितली होती त्याने, आणि ती समोर धो धो वाहत होती. निदान एक मिनिट नुसतं उभं राहून खूश व्हावं असं त्याला वाटलं.

"उभा काय राहिलास?" आई नळावरची नजर न काढता म्हणाली. "तक्रार कर लवकर, नाहीतर बंद करतील."